फोन उचलायचा नाही

वर्ध्याला, नालवाडीच्या आमच्या चौकात संध्याकाळी भाजीच्या दोन गाड्या लागतात. एकीवर वांगी चांगली असतात, दुसरीवर मेथी. मी पिशवी घेऊन या दोन गाड्यांच्या मध्ये इतका वेळ उभा राहतो की शेवटी दोघेही भाजीवाले माझ्याकडे बघायचं सोडून देतात. मग काहीतरी घेतो आणि घरी पोचेपर्यंत दुसरं घ्यायला हवं होतं, असं वाटत राहतं. अशा वेळी मला हटकून थूल मॅडम आठवतात. त्या शेजारी असत्या तर म्हणाल्या असत्या, "हिवरे भाऊ, वांगे घ्या नाई तं मेथी घ्या. पन घरी जाऊन त्या भाजीले शिव्या नोका देऊ. तुमीच आनली हाय."

रत्नमाला थूल. हिंगणघाटच्या बसस्टँडवर विद्यार्थ्यांच्या पासची जी खिडकी आहे, तिच्या मागे आम्ही शेजारीशेजारी बसायचो. ठेंगण्या, सावळ्या, चालताना जरा पुढे झुकणाऱ्या. आवाज बारीक, पण खिडकीबाहेरच्या गोंगाटातून नेमका पोचणारा. एखादी गोष्ट ठरली की त्या उजवा तळहात टेबलावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "झालं. आता माह्यं." त्यानंतर त्या विषयावर चर्चा बंद. तुम्ही कितीही बोला, त्या समोरच्या मुलीच्या पासवर फोटो चिकटवत राहणार.

हे सगळं अगदी फालतू गोष्टींपासून सुरू व्हायचं. स्टँडच्या कँटीनमध्ये आलुबोंडा घ्यावा की पोहे, यावर मी रोज घोळ घालायचो. त्या आत शिरतानाच सांगून मोकळ्या. एकदा त्यांच्या वाट्याला आलेला आलुबोंडा आतून चक्क कच्चा निघाला. मी म्हटलं, बदलून मागा. तर म्हणाल्या, "मागन. पन पोहे घेतले असते तं बरं झालं असतं, हे तुमी मनातल्या मनात म्हनून राह्यले ना, ते नोका म्हनू." मी खरंच तेच म्हणत होतो.

एका दिवाळीआधी त्यांनी कमरेपर्यंतचे केस मानेपर्यंत कापून टाकले. अजिबात शोभले नाहीत. ऑफिसात कोणाची सांगायची छाती झाली नाही, तेव्हा त्याच म्हणाल्या, "खराब दिसून राह्यले ना? मलेबी वाटते. वाढतीन." आणि वाढेपर्यंत एकही दिवस त्यांनी डोक्याला रुमाल बांधला नाही. कोणाच्यातरी निरोपसमारंभाचा फोटो निघाला, त्यात पहिल्या ओळीत मधोमध उभ्या राहिल्या. नवऱ्यापासून वेगळं व्हायचंही त्यांनी असंच कधीतरी ठरवलेलं होतं. मुलगी प्रज्ञा लहान होती तेव्हा. त्याबद्दल त्यांना कधी नवऱ्याला नावं ठेवताना मी ऐकलं नाही, आणि स्वतःची कीव करतानाही नाही.

मला त्यांचा हेवा वाटायचा. अशा माणसाला रात्री झोप चांगली लागत असणार, असं मी धरून चाललो होतो. नंतर माझं लक्ष त्यांच्या नखांकडे गेलं. दहाही बोटांची नखं मुळापर्यंत कुरतडलेली होती.

सकाळी खिडकी उघडली की त्या फोन समोर ठेवायच्या आणि मग कामात त्यांचं धड लक्ष नसायचं. एकाच मुलीला गावाचं नाव दोनदोनदा विचारायच्या. मधूनच फोनचं बटण दाबून उजेड करून बघायच्या. मग केव्हातरी फोन एकदा वाजायचा आणि लगेच बंद व्हायचा. त्या लांब श्वास सोडायच्या, बाटलीतलं पाणी प्यायच्या आणि तिथून पुढे कामाला वाघीण. संध्याकाळच्या आधी पुन्हा एकदा तेच. नवीन होतो तेव्हा मी एकदा फोन वाजताच तो त्यांच्या हातात द्यायला गेलो होतो. त्यांनी माझं मनगट असं धरलं की मी दचकलोच.

"उचलायचा नाई," त्या म्हणाल्या.

वडनेरला त्यांचे वडील एकटे राहायचे. गाव नागपूर-हैद्राबाद रस्त्यावर. घर रस्त्याच्या एका अंगाला आणि शेत दुसऱ्या. मधून दिवसभर बाहेरराज्यांतले ट्रक धावायचे. बाबांनी शेत दुसऱ्याला कसायला दिलेलं होतं, त्यामुळे तिथे जायचं खरं तर काही कारण नव्हतं. पण ते रोज सकाळी आपली जुनी निळी मोपेड काढायचे, हायवे ओलांडायचे, विहिरीजवळच्या निंबाखाली बसायचे आणि दुपार कलली की परत यायचे. वय झालेलं, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि कान तर पार गेलेले. फोनवर बोललेलं एक अक्षर त्यांना कळायचं नाही. म्हणून ठरलं होतं: शेतात पोचलो की एक रिंग, घरी आलो की एक रिंग. उचलायचा नाही.

हा नियम त्यांच्या आईच्या आजारपणातला. आई दवाखान्यात, त्या आईजवळ, बाबा गावात बैलांजवळ. बाबा सकाळी फोन लावायचे. वाजून वाजून बंद झाला म्हणजे सगळं बरं आहे. लेकीनं उचलला, तर निघून यायचं. बोलून ऐकू येणार नव्हतंच, पण उचलला की फोनवर सेकंद पळताना दिसायचे, तेव्हा उचलणं हाच निरोप.

"अन एक दिवस उचलला मी," एवढंच सांगून थूल मॅडमनी तो विषय संपवला होता.

आई गेल्यावर त्यांनी बाबांना हिंगणघाटला आपल्या भाड्याच्या घरी आणून बघितलं. बाबा गॅलरीत खुर्चीवर बसून राहायचे आणि जेवण झालं की विचारायचे, "आता जाऊ का?" पाहुणा विचारतो तसं. शेवटी त्यांनी परत नेऊन सोडलं. मग डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं की गाडी चालवणं आता धोक्याचं आहे, तेव्हा पुण्याच्या भावाच्या आग्रहावरून त्यांनी किल्ली काढून आपल्या पर्समध्ये ठेवली. पुढच्या खेपेला गेल्या तर बाबा दाढी वाढवून ओट्यावर बसलेले. अंगावर आदल्या खेपेचाच सदरा. शेतातलं काही विचारलं तर म्हणाले, "मले काय माहीत? मी कुठं जातो?"

त्यांनी किल्ली परत दिली. आल्यावर मला सांगितलं आणि तळहात टेबलावर ठेवला. पण नेहमीचे शब्द काही चटकन आले नाहीत. तळहात तसाच राहिला. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "झालं." पुढचं वाक्य मी ऐकलं नाही. त्या दिवसापासून नखं मात्र आणखी आत गेली.

शाळा सुरू होतात तेव्हा आमच्या खिडकीवर जत्रा असते. त्या गर्दीतला एक दिवस मी विसरणार नाही. साहेबांनी थूल मॅडमना केबिनमध्ये बोलावलं. एरवी फोन त्यांच्या मुठीत असायचा, पण त्या दिवशी त्याची बॅटरी उतरली होती, म्हणून चार्जिंगला लावून टेबलावरच ठेवून गेल्या. मी मागच्या कपाटात कोऱ्या पासांचा गठ्ठा शोधत होतो. तेवढ्यात आमचे काळे तिथे आले. काळे पूर्वी कंडक्टर, पाठ दुखायला लागली म्हणून ऑफिसात बदलून आलेले. मनानं भला माणूस, जगाला मदत करायला सदा एका पायावर तयार, आणि आवाज भरलेल्या गाडीच्या मागच्या बाकापर्यंत जाणारा. फोन वाजला. काळ्यांनी उचलला.

"बोला बाबा! मॅडम साहेबाकडं गेल्या! काही निरोप हाय का?"

मी वळलो तोवर पलीकडून फोन बंद झाला होता. काळे मला म्हणाले, "काही बोललेच नाई बिचारे." मला नियम माहीत होता, त्यांना नव्हता.

थूल मॅडम आल्या, तेव्हा काळ्यांनीच कौतुकानं सांगितलं, "बाबाचा फोन होता, मी उचलला." मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं. त्यांनी फोन लावला. नुसता वाजत राहिला. मग शेत कसणाऱ्या माणसाला लावला. तो म्हणाला, बाबा आत्ताच गाडी काढून गेले, मी हाका मारल्या तर वळून पाहिलं नाही, आणि घराकडे नाही गेले, हिंगणघाटच्या बाजूला वळले.

म्हणजे तो म्हातारा माणूस, ज्याला मागून आलेल्या ट्रकचा हॉर्न ऐकू येत नाही, एका डोळ्यानं अंधुक बघत हायवेवरून निघाला होता. आणि त्याच्या मनात एकच गोष्ट होती, की आपलं कोणीतरी गेलं.

मी म्हटलं, "मॅडम, जीप करू. आपण समोरून जाऊ." मला दुसरं काही सुचतच नव्हतं, काहीतरी करावं, धावावं, एवढंच वाटत होतं. त्या उभ्या होत्या.

"समोर गेली अन चुकामूक झाली तं?" त्या म्हणाल्या. "ते इथं येतीन. मी दिसली नाई तं दवाखान्यात जातीन, मंग कुठं शोधू त्याईले? तिकडं गेली तं एक भेव, इथं राह्यली तं एक भेव." आणि तळहात टेबलावर टेकवला. "इथंच थांबते."

आणि खिडकीवर बसल्या. बाहेर रांग होतीच. पुढची मुलगी आत हात घालून उभी होती. मॅडमनी तिचा पास घेतला, शिक्का उचलला, तो कागदावर न पडता टेबलावर पडला. पुन्हा उचलला. मी बघू शकलो नाही, उठून फलाटावर गेलो. कंट्रोलरला सांगितलं, तसं त्यानं वडनेरकडून येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला विचारायला सुरुवात केली. पहिला म्हणाला, "हो, पाह्यला, धोतरवाला, मोपेडवर. पार कडेकडेनं, हळू चालून राह्यला होता." जिवात जीव आला. त्याच्या मागून आलेला दुसरा म्हणाला, "नाई बाप्पा, रस्त्यात तं कोनी नोतं." आता यातलं काय मॅडमना सांगायचं आणि काय नाही, हे मला ठरवता येईना. मी पाण्याच्या टाकीजवळ नुसता उभा राहिलो. काळे तर कोपऱ्यात बाकावर डोकं धरून बसले होते.

मी खिडकीशी परतलो, तेव्हा मला ते दिसले. पासच्या रांगेत, दप्तरं पाठीला लावलेल्या मुलींच्या मधे, धुळीनं पांढरा झालेला एक म्हातारा उभा होता. पुढच्या मुलींनी त्यांना जागा करून दिली तरी ते पुढे सरकत नव्हते. मला वाटतं, खिडकीपर्यंत पोचायचीच त्यांना भीती वाटत होती. नंबर आला तेव्हा खिडकीला तोंड लावून त्यांनी विचारलं, "कोन गेलं, माय?"

"कोनी नाई, बाबा! कोनी नाई!" मॅडम ओरडल्या. त्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मॅडम बाहेर धावल्या, त्यांचा हात धरून स्वतःच्या गालावर ठेवला, मान हलवून नाही नाही म्हणत राहिल्या. तरी त्यांना पटेना. नातीला डोळ्यांनी बघितल्याशिवाय ते पटणारच नव्हतं. शेवटी दोघं चालत प्रज्ञाच्या शाळेवर गेली. मधली सुट्टी होईपर्यंत फाटकाशी उभी राहिली. पोरगी मैत्रिणींबरोबर हसत बाहेर आली, तेव्हा म्हातारा मटकन खाली बसला आणि रडला, असं मॅडमनी मला नंतर सांगितलं.

ती मोपेड तोवर आमच्या ऑफिससमोर लावलेली होती. अख्ख्या ऑफिसचं एकमत झालं की आता किल्ली परत द्यायची नाही. पुण्याच्या भावाचा फोन आला, त्याचं बोलणं मला शेजारी ऐकू येत होतं. "ताई, आता खूप झालं. यापुढे त्यांना काही झालं तर जबाबदार तू."

"मीच हाय ना," मॅडम म्हणाल्या. "तू काऊन भेतं?"

काळे हात जोडून समोर आले. मॅडम त्यांना म्हणाल्या, "काळे भाऊ, वाजला तं मानूस उचलतेच. तुमाले सांगतलं नोतं. अन फोन इथं ठेवला कोनं? मीच ना?" त्यात रागही नव्हता आणि मोठेपणाही नव्हता. ज्याचं होतं त्याला त्या देऊन टाकत होत्या, आणि आपलं आपल्याकडे ठेवत होत्या.

मग त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. बाबांच्या हातात किल्ली दिली आणि स्वतः मागच्या कॅरिअरवर बसल्या. एक हात बाबांच्या खांद्यावर. आमच्यापैकी कोणाकडे त्यांनी बघितलं नाही, नाहीतर कदाचित उतरल्या असत्या. गाडी फाटकातून डुगडुगत बाहेर पडली आणि ट्रकांच्या रस्त्याला लागली. त्या दुपारी मी एकही पास धड लिहिला नाही. कधीतरी माझा फोन एकदा वाजला आणि बंद झाला. मी उचलला नाही. बाटली काढून पाणी प्यालो.

बाबा पडले ते पोळा झाल्यावर. हायवेवर नाही, ट्रकनं नाही. शेताच्याच वाटेवर, नाल्याजवळच्या काळ्या चिखलात गाडी घसरली. खुब्याचं हाड मोडलं. त्या सकाळी रिंग आली नाही. मॅडमनी बराच वेळ वाट पाहिली, मग पर्स घेतली आणि निघून गेल्या. ऑपरेशन झालं, पण बाबा पुन्हा मोकळे चालले नाहीत. वॉकर आला, आणि वडनेरचं घर बंद करून मॅडमनी त्यांना कायमचं हिंगणघाटला आणलं. त्याच गॅलरीत, त्याच खुर्चीवर. भाऊ येऊन गेला. तो नेमकं काय बोलला ते मला माहीत नाही, पण त्यानंतर त्याचं मॅडमशी बोलणं बंद झालं.

मला राहवलं नाही. एकदा कँटीनमध्ये मी विचारलंच, "मॅडम, तेव्हा किल्ली ठेवून घेतली असती तर?"

मला वाटलं, त्या तळहात टेबलावर ठेवतील. त्यांनी ठेवला नाही. समोरचा चहा तसाच गार होत होता.

"तं पाय शाबूत राह्यला असता," त्या म्हणाल्या. "त्याईले उठवाले जाते, ते दुखून कन्हत राह्यते, तवा वाटते, चुकलं माह्यं. मंग कदीमदी ते निंबाखालच्या गोष्टी सांगत बसते, कोन आलं होतं, विहिरीले पानी किती होतं, तवा वाटते, नाई चुकलं. दोनी वाटते, हिवरे भाऊ. मले वाटे, एक दिवस यातलं एक जाईन अन एक राहीन. जात नाई कोनतंच."

आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगतो, थोडा धीरही आला. मी भाजीच्या गाडीपाशी भितो. त्याही भीत होत्या, जन्मभर, माझ्याहून जास्त. फक्त भीती संपायची वाट न बघता त्या ठरवत होत्या, आणि मग ती भीती सांभाळत बसत होत्या.

पुढे माझी बदली वर्ध्याला झाली. मागच्या हिवाळ्यात एका लग्नासाठी हिंगणघाटला गेलो, तेव्हा सकाळीच त्यांच्याकडे डोकावलो. त्या ऑफिसला जायच्या गडबडीत होत्या. केस पुन्हा लांब झाले होते, बरेच पांढरेही. "बसा बाबाजवळ, चहा घेतल्याशिवाय नोका जाऊ, प्रज्ञा देते," म्हणत त्यांनी दाराजवळच्या खिळ्यावरून एक किल्ली काढली आणि जिना उतरल्या.

मी गॅलरीतून वाकून बघितलं. खाली ती निळी मोपेड उभी होती. मॅडमनी ती चालू केली. दोन्ही पाय जमिनीला घासत, अंग आखडून, हँडल घट्ट धरून त्या गल्लीतून निघाल्या. चालवता येत नव्हती असं नाही, पण येत होती असंही म्हणवत नव्हतं. कोपऱ्यावरून वाळूचा एक टिप्पर वळला, तशा त्या भिंतीला चिकटून थांबल्या, मग पुन्हा निघाल्या आणि मोठ्या रस्त्याच्या गर्दीत दिसेनाशा झाल्या.

बाबा माझ्या बाजूला खुर्चीत बसले होते. मांडीवर त्यांचा बटणांचा फोन, त्यावर दोन्ही हात. त्यांची नजर गल्लीच्या टोकावरून हलत नव्हती.

"तिले सांगा जरा तुमी," ते मला म्हणाले. "रोडवर लय ट्रक हायेत. गाडी काऊन पायजे तिले? मी रोज म्हनतो, किल्ली मले देऊन दे. देत नाई."

बोललेलं त्यांना ऐकू येणार नव्हतं, म्हणून मी नुसती मान डोलावली. प्रज्ञानं चहा आणून ठेवला. तो गार झाला. कोणाचं तरी कुत्रं भुंकत होतं, खालून भंगारवाला गेला. ऑफिस तिथून लांब नव्हतं, तरी मलाही वाटायला लागलं की एव्हाना पोचायला हव्या होत्या. मी बाबांच्या हातांकडे बघत बसलो.

फोनमध्ये उजेड झाला आणि तो थरथरला. माझा हात नकळत पुढे गेला. बाबांनी फोनवर तळहात ठेवला.

"उचलायचा नाई," ते म्हणाले.

थरथर थांबली. त्यांनी तळहात काढला, फोन नीट सदऱ्याच्या खिशात घातला आणि प्रज्ञाला पाणी मागितलं.